थेंबभर घाम

आपल्या मराठी भाषेने घामाचे फारसे कौतुक केलेले नाही, पण त्याला कधी अंतरही दिलेले नाही. कष्टाचा पैसा तो घामाचा पैसा. भीती वाटली की दरदरून घाम फुटतो. आळशी पोराला आपण सांगतो, की बाबा रे, जरा घाम गाळ. मिठाचीही तीच गोष्ट. खाल्ल्या मिठाला जागावे, चांगल्या कामात मिठाचा खडा टाकू नये, कुणाच्या जखमेवर मीठ चोळू नये. परंतु घाम आणि मीठ यांचे एकमेकांशी काही नाते आहे, हे आपल्या म्हणींच्या गावीही नाही. वैशाखात चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला मात्र ते पुरते ठाऊक असते. पिठात मीठ पडले आहे की नाही, याचा तिला एखादे वेळी विसर पडेल. पण कपाळावरून ओघळून ओठांशी आलेल्या थेंबात ते पडलेले आहे, याबद्दल तिला शंका नसते.

त्या थेंबात मीठ किती असावे, हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही. मीही कधी विचारला नव्हता. मी शाळेत मुलांना शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, आणि माझे शास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकाबरोबरच मिटले. पण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या माहेरच्या उंबऱ्यात येऊन बसला, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कुणाच्या घशाखाली सुखाने घास उतरला नाही. त्या निमित्ताने मी जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते आज वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

युरोपात एक जुनी समजूत होती. ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेताना ओठांना खारट चव लागते, ते मूल फार दिवसांचे सोबती नव्हे, असे तिथल्या आयाबाया म्हणत. त्यांना कारण माहीत नव्हते. त्यांनी फक्त चव पाहिली होती आणि पाळणे रिकामे झालेले पाहिले होते. शास्त्राला त्या चवीपर्यंत पोहोचायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या डॉरोथी अँडरसन या बाईंनी, दगावलेल्या मुलांच्या देहांची तपासणी करून, एका निराळ्या रोगाचे वर्णन लिहिले. खाल्लेले अंगी न लागता ही मुले वाळत जात, आणि त्यांच्या छातीत कफ साचून राही. त्यांच्या स्वादुपिंडात पाण्याच्या गाठी आणि घट्ट तंतू आढळले, म्हणून रोगाचे नाव पडले सिस्टिक फायब्रोसिस. पण हे निदान मरणानंतरचे. जिवंत मुलाकडे पाहून, हे त्यांतले आहे की नाही, हे सांगणार कसे?

याचे उत्तर उन्हाने दिले. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरावर उष्णतेची मोठी लाट आली. उन्हाने मलूल झालेली मुले इस्पितळात येऊ लागली, आणि त्यांत या रोगाच्या मुलांची गर्दी नजरेत भरण्याइतकी होती. पॉल दी सांतान्येझे या डॉक्टरांना प्रश्न पडला, की ऊन सगळ्यांना सारखे. मग हीच मुले का कोसळतात? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, आणि १९५३ साली सांगितले, की या मुलांच्या घामातून मीठ वाहून जाते. घामच मुळी फार खारट असतो. म्हाताऱ्या आयाबायांच्या ओठांनी जे सांगितले होते, तेच आता परीक्षानळीने सांगितले.

हे असे का होते, ते मला एका डॉक्टरांनी समजावले. घामाची ग्रंथी म्हणजे कातडीखाली गुंडाळून ठेवलेली एक बारीक नळी. तिच्या तळाशी घाम तयार होतो, तेव्हा तो रक्तातल्या पाण्यासारखाच खारट असतो. वर कातडीपर्यंत येता येता नळीच्या भिंती त्यातले बरेचसे मीठ परत आत ओढून घेतात. काटकसरी गृहिणी पुरी कढईतून काढताना झाऱ्यावर क्षणभर निथळू देते आणि तेल परत कढईत पडू देते, तसेच. या रोगात मीठ आत घेण्याचे दारच बिघडलेले असते. त्यामुळे सारे मीठ बाहेर येते. तेच दार फुफ्फुसात आणि स्वादुपिंडातही असते. तिथे ते बिघडले की स्राव डिंकासारखे घट्ट होतात आणि वाटा बुजतात. १९८३ साली घामाच्या नळीतला हा बिघाड दाखवून देणारे शास्त्रज्ञ पॉल क्विंटन हे स्वतःच या रोगाचे रुग्ण. आपल्याच दुखण्याचा पत्ता आपणच शोधून काढणारा असा माणूस कादंबरीत घातला, तर टीकाकार म्हणतील, हे जरा जास्तच झाले! १९८९ साली त्या दाराचा आराखडा सांगणारा जनुकही सापडला.

घाम मोजायचा हे ठरले, पण घाम आणायचा कुठून? सहा महिन्यांच्या मुलाला काही 'घाम गाळ' म्हणून सांगता येत नाही. सुरुवातीला डॉक्टरांनी मुलांना गरम खोलीत ठेवले, पांघरुणात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. ज्या मुलांना उष्णताच सोसत नाही, त्यांनाच उष्णतेत कोंडायचे! परीक्षाच जिवावर बेतायची. १९५९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गिब्सन आणि कुक या दोघांनी त्यातून वाट काढली. ब्राझीलकडे जाबोरंडी नावाचे झुडूप होते. त्याच्या पानांत पिलोकार्पीन नावाचे द्रव्य असते. काचबिंदूच्या थेंबांतही ते वापरतात. या द्रव्यात भिजवलेली घडी मुलाच्या हातावर ठेवायची आणि त्यातून पाच मिनिटे अगदी मंद वीजप्रवाह सोडायचा. द्रव्य कातडीत शिरते, आणि सारे अंग कोरडे असताना हाताच्या रुपयाएवढ्या जागेला घाम फुटतो. तो टिपायचा आणि मोजायचा. आज साठ-पासष्ट वर्षांनीही जगभर चालते ती मुळात हीच पद्धत. बदलत आली ती टिपण्याची आणि मोजण्याची साधने. आणि माझी गोष्ट त्या साधनांचीच आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. वजन काही केल्या वाढत नव्हते. खोकला एकदा आला की महिना महिना जात नसे. आमच्या गावच्या डॉक्टरांनी चार औषधे बदलून पाहिली आणि मग एका जवळच्या शहरी घामाची तपासणी करायला पाठवले. त्या ठिकाणाचे नाव घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी एक कागद हातात आला. त्यावर लिहिले होते : घामाची तपासणी, ६१. त्याच्यापुढे : मर्यादा, ६०.

बस्स, एवढेच. एका आकड्याने आमचे घर बसले. भावाने रात्रभर मोबाईलवर वाचले. भावजय माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वन्सं, मी रोज त्याचे मुके घेते. तो खारट लागतो हो!" एप्रिल महिना होता. त्या दिवसांत आमच्या गावात कुणाचाही मुका खारटच लागला असता. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. आईच्या मनात एकदा शंकेने घर केले, की जगातली प्रत्येक वस्तू तिला साक्ष देऊ लागते.

मला मात्र त्या कागदाकडे पाहून राहून राहून वर्ग आठवत होता. मराठीच्या बाईंना अधूनमधून खालच्या वर्गाचे गणितही घ्यावे लागते. मुले उत्तर लिहितात : ६१. मी लाल पेन्सिलीने विचारते, "एकसष्ट काय? आंबे, मैल की माणसे?" आणि अर्धा गुण कापते. मुले कुरकुरतात, पालकही एखादे वेळी भांडायला येतात. पण एकक नसलेले उत्तर हे उत्तर नव्हे, एवढे तरी मुलांच्या गळी उतरावे, असा माझा हट्ट असतो. इथे एका मुलाच्या आयुष्याचे गणित सोडवलेले होते, आणि उत्तरापुढे काहीच लिहिलेले नव्हते.

आम्ही मोठ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला, उलटून पाठीमागे पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला, "एकसष्ट कशाचे?" खरे सांगते, त्या अनोळखी माणसाबद्दल मला त्या क्षणी सख्ख्या भावासारखी माया वाटली.

त्यांनी समोरच फोन लावून चौकशी केली. मग आम्हांला बसवून सांगितले. घामातले मीठ मोजण्याच्या दोन वाटा आहेत. एक, त्यातले क्लोराईडच वेगळे मोजायचे. दुसरी, घामातून वीज किती सहज वाहते ते पाहायचे आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधायचा. हिला विद्युतवाहकता म्हणतात. दुसरी वाट सोपी आणि झटपट. पण विजेला क्लोराईड आणि इतर क्षार यांत फरक कळत नाही. घामात लॅक्टेट असते, बायकार्बोनेट असते. ते सारे त्या आकड्यात घुसते. म्हणून वाहकतेचा आकडा क्लोराईडच्या आकड्यापेक्षा साधारण पंधराने चढा येतो. "तुमचे एकसष्ट वाहकतेचे आहेत," डॉक्टर म्हणाले, "आणि बाजूला छापलेली साठाची रेघ आहे क्लोराईडची."

म्हणजे गुण एका विषयाचे आणि पास-नापासाची रेघ दुसऱ्याच विषयाची! पस्तिसाला पास आणि चौतिसाला नापास होणारी मुले मी जन्मभर पाहत आले आहे. त्या एका गुणासाठी पेपर पुन्हा काढून, बेरीज पुन्हा करून, आम्ही मास्तर मंडळी डोळे फोडतो. इथे तो एक गुण कुणीच पुन्हा तपासला नव्हता.

"म्हणजे त्याला काही नाही?" भावाने अधीरतेने विचारले.

"असे मी म्हटलेले नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वाहकता पन्नास किंवा त्यावर आली, की नीट क्लोराईड मोजावे, असा नियम आहे. अजून रडू नका, अजून हसूही नका. उद्या सकाळी मुलाला भरपूर पाजून आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाकावर आमच्याशेजारी आणखी एक आई बसली होती. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून रात्रभर एस्टीने आलेली. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. हातपाय काटक्यांसारखे, पोट पुढे आलेले, डोळे मात्र विलक्षण तरतरीत. मी मास्तरीण आहे हे कळताच ती मला 'बाई' म्हणू लागली. बोलता बोलता तिने सांगितले, की याच्या आधी एक मुलगी झाली होती, दीड वर्षाची होऊन गेली. कुणी न्यूमोनिया म्हणाले, कुणी दृष्ट. सासू म्हणाली, हिच्या कुशीतच खोट आहे.

तपासणी करणारी मुलगी पंचविशीतली असेल. तिचे हात पाहत राहावे असे होते. तिने आधी भाच्याचा हात शुद्ध पाण्याने धुतला, पुसला, मग पिलोकार्पीनच्या दोन चकत्या पट्ट्याने बांधल्या. यंत्र लहानसे, बॅटरीवर चालणारे. मुलाच्या अंगाला भिंतीतली वीज कधी जोडायची नसते आणि दोन्ही टोके एकाच हातावर ठेवायची, म्हणजे प्रवाह छातीतून जात नाही, असे तिने आपणहून सांगितले. पाच मिनिटे झाली. कातडीवर रुपयाएवढा लाल ठसा उमटला होता. तो पुन्हा धुऊन, कोरडा करून, तिने त्यावर घड्याळासारखी एक प्लॅस्टिकची चकती बांधली. चकतीच्या मधोमध इवलेसे छिद्र, आणि त्यातून निघून गोल गोल गुंडाळलेली केसासारखी नळी. आत निळ्या रंगाचा कण ठेवलेला असतो. घाम त्याला शिवला की निळा होतो, म्हणजे नळीत कुठवर चढला ते दिसते.

अर्धा तास आम्ही तीन बायका त्या निळ्या रेषेकडे पाहत बसलो. घड्याळाचा काटा पाहून डोळे दुखतात, पण ती रेषा पाहून दुखत नव्हते. एक वळसा, दीड वळसा. माणसाने इतक्या एकाग्रतेने घामाकडे कधी पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

"किती लागतो ग?" मी विचारले.

"निदान पंधरा मायक्रोलिटर," ती म्हणाली, आणि माझा चेहरा पाहून हसली. "थेंबाचा तिसरा हिस्सा समजा. पण तेवढा तरी हवाच. कमी निघाला तर मी आकडा देतच नाही. कमी घाम म्हणजे ग्रंथी पुरत्या जाग्या झाल्या नाहीत, आणि त्यातले मीठ खरे नव्हे."

पूर्वी, ती म्हणाली, कापसाच्या जाळीवर किंवा टिपकागदावर घाम टिपत. आधी कोरडा कागद तोलायचा, मग ओला तोलायचा, आणि निदान पंचाहत्तर मिलिग्रॅम घाम भरला पाहिजे. वाण्याने तागडीचा पासंग काढावा, तसा हिशेब. कागद तोलायला दोन मिनिटे उशीर झाला, झाकण सैल राहिले, की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, आणि निरोगी मुलाचा घामही खारट ठरतो. नळीच्या चकतीत ही हवा लागण्याची भीती कमी. वाहकतेचे नवे यंत्र तर याहून थोड्या घामावर, तीन मायक्रोलिटरवर, हातावरच्या हातावर आकडा सांगते. तान्ह्या मुलांना ते सोयीचे. पण ते चाळणीसारखे वापरायचे. शेवटचा निवाडा क्लोराईडचा.

मला नवल वाटले ते तिच्या पुढच्या बोलण्याचे. मी म्हटले, "मग सगळ्यांत चांगले यंत्र कुठले?" तिने माझ्या मास्तरीणपणाला शोभेल असे उत्तर दिले. "बाई, यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. एकाच मुलाच्या एका हातावर जुनी पद्धत, दुसऱ्या हातावर नवे यंत्र. आजारी मुलांवर घ्यायची, निरोगी मुलांवरही घ्यायची. किती आजारी निसटले, किती निरोगी उगाच सापडले, किती वेळा घाम पुरला नाही, ते मोजायचे. तीन महिन्यांवरच्या मुलांत शंभरात पाचांहून जास्त वेळा घाम अपुरा निघाला, तर दोष मुलाचा नव्हे. आमच्या हाताचा किंवा यंत्राचा. आणि रोज सकाळी, ज्यातले मीठ आधीच ठाऊक आहे, असे पाणी यंत्राला द्यायचे. त्याने ते चुकीचे सांगितले, तर त्या दिवशी कुणाच्याही मुलाला हात लावायचा नाही."

वजनमापांवर सरकारी शिक्का मारून घेतल्याशिवाय किलोभर गूळ विकू नये, असा आपला कायदा आहे. या मुलीने तो कायदा थेंबभर घामालाही लावून घेतला होता. मला वाटते, कुठल्याही यंत्राची किंमत त्याच्या चकाकीवर नसते. रोज सकाळी त्याला खोटे ठरवायची संधी कुणीतरी देते की नाही, यावर असते. माणसांचेही बहुधा असेच आहे.

त्या रुग्णालयातच मला आणखी एक गोष्ट कळली. हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नाहीच, असे पुष्कळ वर्षे धरून चालत असत. जिथे शोधायचेच नाही तिथे सापडणार काय? परदेशी यंत्रे महाग, त्यांच्या चकत्या महाग. तपासणी नाही म्हणून रोगी नाहीत, आणि रोगी नाहीत म्हणून तपासणी नाही, असा तो फेरा. दिल्लीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या डॉक्टर काब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाम गोळा करण्याची आणि क्लोराईड मोजण्याची देशी पद्धत बसवली आणि २००२ साली 'इंडियन पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. स्वस्त साधनही खरे बोलू शकते, त्याला नीट हात मिळाला तर. आमच्या शाळेतला एक जुना लाकडी मीटर पन्नास वर्षे खरे बोलत आला आहे, आणि काल आणलेली प्लॅस्टिकची पट्टी उन्हात वाकली आहे, हे मी रोज पाहतेच.

संध्याकाळी निकाल आले. या वेळचा कागद मी अक्षर न् अक्षर वाचला. घाम कुठल्या पद्धतीने गोळा केला, ते होते. किती मायक्रोलिटर निघाला, ते होते. काय मोजले, ते होते : क्लोराईड, लिटरमागे मिलिमोल. उजवा हात २७, डावा हात २८. खाली तिन्ही पायऱ्या छापलेल्या : ३० च्या आत असेल तर रोगाची शक्यता फार कमी, ३० ते ५९ म्हणजे अजून तपास हवा, ६० किंवा त्यावर म्हणजे रोगाकडे बोट. भावजयीने कागद छातीशी धरला आणि ती मुकाट्याने रडली. मागच्या एकसष्टातले जादा मीठ कुठून आले, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, घाम पुरेसा निघाला नसेल, त्याला हवा लागली असेल; आता तो शोध लागायचा नाही. पुढच्या तपासण्यांत भाच्याच्या दुखण्याचे निराळेच, साधे कारण निघाले. गाईचे दूध त्याला सोसत नव्हते. पथ्याने तो सुधारला, आणि आज तो दोन वर्षे दहा महिन्यांचा होऊन माझ्या हस्तलिखितांवर रेघोट्या ओढतो.

पण त्या संध्याकाळी बाकावर आम्ही एकट्याच नव्हतो. शेजारच्या कागदावर लिहिले होते : १०४ आणि १०७.

"बाई, आकडा लई मोठा हाय का?" तिने विचारले.

मी काही बोलू शकले नाही. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला आत बोलावले. तिने माझा हात सोडला नाही, म्हणून मीही आत गेले. डॉक्टरांनी काही लपवले नाही. रोग आहे, तो जन्माचा आहे. मग ते नवऱ्याकडे वळून सावकाश म्हणाले, "या रोगाचे बीज अर्धे आईकडून येते आणि अर्धे बापाकडून. दोघांकडून आले तरच मूल आजारी पडते. यात हिचा दोष नाही, तुमचाही नाही. पुढच्या प्रत्येक खेपेला चारांत एक अशी शक्यता असते. तेव्हा आधी इथे या." नवरा खाली मान घालून ऐकत होता. मुलगी न्यूमोनियाने गेली की दृष्टीने, याचे उत्तर त्या खोलीत पहिल्यांदा दिले गेले. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "नाव तर कळलं, बाई. इतके दिस नाव बी न्हवतं."

खरा आकडा नेहमी गोड असतो असे नाही; पण तो हातात असला की माणसाला पुढचे पाऊल टाकता येते. तिच्या मुलाला जेवणाबरोबर पाचक रसांच्या कॅप्सूल सुरू झाल्या. छाती थोपटून कफ मोकळा कसा करायचा ते तिला शिकवले. उन्हाळ्यात मीठ जास्त द्यायला सांगितले. २०१२ पासून तर त्या बिघडलेल्या दारालाच दुरुस्त करणारी औषधे निघू लागली आहेत, आणि २०१९ मध्ये आलेल्या तीन औषधांच्या मिश्रणाने अनेक रोग्यांचे आयुष्य पालटले. औषध लागू पडले की नाही, हेही घामच सांगतो. त्यातले क्लोराईड उतरते. पण त्या मिश्रणाची अमेरिकेतली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांवर. त्या बाईच्या गावात ते पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर तिच्याजवळ कॅप्सूल आहेत, मीठ आहे आणि तिचे दोन हात आहेत.

गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. मी विचारले, "मुलगा काय म्हणतो?"

ती हसून म्हणाली, "बाई, डागदर म्हन्ले हुते, याला तुपातलं, तेलातलं, खारट, समदं भरपूर द्या, कॅप्सूल तेवढी चुकवू नका. आता फराळाच्या डब्यापासनं हलत न्हाई. दीड किलो भरला दोन म्हैन्यांत!"

'दीड' म्हणून ती थांबली नाही. 'किलो' म्हणाली, आणि किती महिन्यांत तेही म्हणाली. मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.